कळसूबाई : शिखर, वाटा आणि एक शब्द

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कोणते, हा प्रश्न शाळेतील मुलांना हमखास विचारला जातो, आणि मुलेही ‘कळसूबाई’ असे एका दमात सांगून मोकळी होतात. उंची विचारली तर १६४६ मीटर, म्हणजे जुन्या हिशेबाने सुमारे ५४०० फूट, हेही त्यांना पाठ असते. परंतु ही बाई कोण? एवढ्या थोरल्या पर्वताला राजाचे नाव नाही, ऋषीचे नाव नाही, एका बाईचे नाव का पडले? हा दुसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. भगिनींनो, माझा हा लेख त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

मी इतिहासाची पंडित नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले, पुढे घरची परिस्थिती आणि मग लग्न. पण माझे माहेर अकोले तालुक्यातले. आमच्या अंगणातून मावळतीकडे डोंगरांची लांबच लांब ओळ दिसे, आणि संध्याकाळी आजी त्या ओळीकडे बोट करून एकेकाचे नाव सांगे. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु कोणत्या खिंडीतून कोणत्या गावाला जाता येते, कोठे बारमाही पाणी आहे, कोठे पावसाळ्यात ओढा ओलांडू नये, हे सारे तिला तोंडपाठ होते. पुढे संगमनेरला सासरी आल्यावर वाचनालयात जुन्या जिल्हा गॅझेटियरचे पुस्तक हाती आले. ते इंग्रजीत. थोरल्या मुलीने त्याचा अर्थ मला वाचून सांगितला, आणि आजी सांगत असे त्यातले पुष्कळसे त्या १८८४ सालच्या पुस्तकात छापलेले आहे हे पाहून मला फार नवल वाटले. आजीचे बोलणे आणि सरकारी पुस्तक या दोहोंच्या आधाराने पुढचे लिहीत आहे.

प्रथम जागा नीट समजून घेऊ. सह्याद्रीची मुख्य रांग उत्तर-दक्षिण जाते हे आपल्याला ठाऊक आहेच. तिच्यापासून एक फाटा पूर्वेकडे निघतो, तीच कळसूबाईची रांग. पश्चिमेकडून मोजत आले तर कुलंग, मदन आणि अलंग हे तीन बेलाग किल्ले, मग कळसूबाई, आणि पुढे पूर्वेला औंढा, पट्टा आणि बितनगड. रांगेच्या उत्तरेस नाशिक जिल्ह्याचा इगतपुरी तालुका, तर दक्षिणेस आपला अकोले तालुका. आपल्या जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते, २०२४ साली ते अहिल्यानगर झाले. या डोंगराच्या उत्तर अंगावर पडलेले पाणी दारणा नदीतून गोदावरीला जाते. दक्षिण अंगावरचे प्रवरेला मिळते, आणि ती प्रवराही शेवटी टोक्याजवळ प्रवरासंगमी गोदावरीलाच भेटते. एका आईच्या दोन लेकी दोन दिशांना दिल्या तरी आषाढात एकाच माहेरी याव्यात, तसे हे आहे.

आता कळसूची हकिकत. कळसू ही कोळ्याची मुलगी होती. रानावनात हिंडण्याची तिला मोठी आवड. हिंडत हिंडत ती डोंगराच्या पायथ्याशी इंदोरे गावी आली आणि तेथे एका घरी कामाला राहिली. राहताना तिने एकच अट घातली : “मी सगळे काम करीन, पण भांडी घासणार नाही आणि केर काढणार नाही.” घरच्यांनी अट कबूल केली. बरेच दिवस सुरळीत गेले. मग एके दिवशी घरातल्या कोणी तरी तिला भांडी घासायला आणि केर काढायला सांगितले. कळसूने वाद घातला नाही, की रडली नाही. सांगितलेले काम तिने केले. आणि ते करून झाल्यावर ती जी निघाली ती सरळ डोंगर चढून गेली, आणि मरेपर्यंत तेथेच राहिली. जेथे तिने भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात, जेथे केर काढला ती जागा काळदरा, आणि जेथे ती राहिली तो कळसूबाईचा डोंगर.

गॅझेटियरात ही गोष्ट अवघ्या काही ओळींत आटोपली आहे. परंतु आपण बायकांनी ती वाचताना जरा थांबले पाहिजे. कळसूने सोने मागितले नाही, जास्त पगार मागितला नाही. कामाला ती भीत नव्हती. गुरे राखणे, पाणी भरणे, दळण-कांडण ही कामे भांड्यांपेक्षा हलकी थोडीच आहेत? तिने फक्त आपल्यासाठी एक मर्यादा आखून घेतली होती, आणि समोरच्याने ती मान्य केली होती. मोडली ती अट त्या घराने. तीही भांडण काढून नव्हे, दुष्टपणानेही नव्हे. “अगं, एवढी भांडी घासून टाक,” असे सहज, घाईत, कोणी तरी म्हणाले असेल. सांगणाऱ्याला संध्याकाळपर्यंत त्याची आठवणही राहिली नसेल. पण जिला शब्द दिला होता तिच्या लेखी सारे तेथेच संपले.

आणखी एक पाहा. इंदोऱ्याच्या त्या घराचे नाव आज कोणालाही ठाऊक नाही. तेथे कोण कर्ता पुरुष होता, किती जमीन होती, किती जनावरे होती, काही उरले नाही. उरले ते कामाला आलेल्या पोरीचे नाव, आणि तेही महाराष्ट्राच्या डोक्यावर. ही गोष्ट कोणत्या सालची, कोणत्या राजवटीतली, याचा लेखी पुरावा नाही. तेव्हा ती दंतकथाच म्हटली पाहिजे. परंतु दंतकथा म्हणजे लोकांनी ठरवून लक्षात ठेवलेली गोष्ट. डोंगरातल्या लोकांनी शेकडो वर्षे हीच गोष्ट का जपली, हाही इतिहासाचाच प्रश्न आहे असे मला वाटते.

या मुलखात अशा आठवणी जागोजाग आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ बायकांच्या आहेत. कळसूबाई, रत्नाई आणि कात्राबाई या तिघी बहिणी, असे इकडे मानतात. रत्नाई रतनगडावर राहते. कात्राबाईचा डोंगर तिच्या दक्षिणेस. रतनगडावरून हरिश्चंद्रगडाकडे पायी जायचे तर कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेतला उतरावे लागते, आणि तेथून पाचनईमार्गे गडावर चढावे लागते. वाटेत उजव्या हाताला अजोबाचा प्रचंड कडा दिसतो. अजोबा म्हणजे वाल्मीकी ऋषी, आणि लव-कुशांचे ते आजोबा म्हणून डोंगराचे नाव अजोबा, अशी समजूत आहे. तेथे सीतेचा पाळणा दाखवितात. म्हणजे घरातून बाहेर पडलेली कळसू एका टोकाला, आणि घरातून बाहेर काढलेली सीता दुसऱ्या टोकाला. मधली वाट दोन-तीन दिवसांच्या चालीची आहे.

येथे मला आणखी एका बाईची आठवण होते. याच सह्याद्रीत दक्षिणेस जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तेथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख कोरलेला आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो लेख. केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, दिलेले कार्षापण यांची त्यात मोजदाद आहे. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकात गोळा करीत, असे सांगतात. राणीचे नाव राहिले, कारण तिच्यापाशी कोरून घेण्याची सत्ता होती. कळसूपाशी काही नव्हते. तिचे नाव दगडात नाही, ताम्रपटात नाही. ते एका बाईने दुसरीला सांगितले, तिने तिसरीला. दगडातला लेख वाचायला शेवटी विद्वानच लागले, कारण ती लिपी लोक विसरून गेले होते. कळसूचे नाव मात्र विसरले गेले नाही.

आता वाटांविषयी. पुस्तकांत किल्ल्यांचा इतिहास पुष्कळ असतो, वाटांचा फार थोडा. वास्तविक किल्ले बांधले ते वाटा राखण्यासाठी. कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे, आणि त्या भिंतीतून खाली उतरण्याच्या ज्या ज्या फटी आहेत त्यांना माणसांनी घाट केले. कळसूबाईच्या उत्तरेस थळ घाट, म्हणजे आपला कसाऱ्याचा घाट, हा मोठा राजरस्ता. पण त्याखेरीज डोंगरी लोकांच्या वाटा निराळ्याच होत्या. घाटघरवरून चोंढे घाटाने शहापूरच्या बाजूला उतरता येते. साम्रदवरून करोली घाटाने डेहण्याकडे जाता येते. साम्रदपाशीच ती सांदण दरी आहे, जिच्या दोन भिंतींमध्ये काही ठिकाणी दोन माणसे शेजारी उभी राहणेही मुश्किल. या वाटांवर बैलगाडी चालत नाही. पाठीवरचे ओझे आणि डोईवरचा भारा, हीच येथली वाहतूक.

आजी सांगे की तिच्या लहानपणी हिरडा, मध, नागली आणि वरई डोंगरातून खाली जाई, आणि खालून मीठ व सुकट वर येई. बाप्ये पुढे, बाया मागे. बाईच्या डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, आणि पाटीत कित्येकदा धान्याच्या जोडीला लेकरू. राजूरचा बाजार, घोटीचा बाजार, लेकीचे सासर, बहिणीचे बाळंतपण, नवरात्राचा नवस, ही या वाटांवरून चालण्याची कारणे. कोणत्याही बखरीत ती नाहीत. तरी वाट जी पडते ती अशाच रोजच्या पावलांनी. सैन्य एकदा जाते. बाजाराला माणूस दर आठवड्याला जाते.

तथापि या वाटांनी राज्याच्याही उपयोगी पडण्याचे काम केले आहे. १६७९ सालच्या नोव्हेंबरात शिवाजी महाराजांनी जालना लुटले. परत येताना मोगली फौजेने त्यांना संगमनेरच्या बाजूस गाठले. मोठी लढाई झाली आणि सिधोजी निंबाळकर त्यात पडले. अशा आणीबाणीच्या वेळी बहिर्जी नाईकाने महाराजांना आडवाटांनी नेऊन पट्टा किल्ल्यावर सुखरूप पोहोचविले. तेथे महाराजांनी विश्रांती घेतली म्हणून पट्ट्याचे नाव विश्रामगड झाले. बहिर्जीला त्या वाटा कोणी दाखविल्या असतील? कोणत्याही नकाशात त्या नव्हत्या. ज्यांची गुरे तेथे चरत होती, ज्यांच्या बाया तेथून मोळ्या आणीत होत्या, त्यांनीच त्या केलेल्या होत्या. स्वराज्य वाचविणारी ती वाट मुळात सरपणाची वाट असणार, असे मला नेहमी वाटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि मुलूख इंग्रजांच्या हाती गेला. तेव्हा या किल्ल्यांचा पुन्हा कोणी आश्रय घेऊ नये म्हणून इंग्रजांनी अलंग, मदन वगैरे ठिकाणच्या पायऱ्या सुरुंगाने उडविल्या. आजही मदनगडाच्या फुटलेल्या पायऱ्यांपाशी दोरावाचून पुढे जाता येत नाही. सरकारला वाटले, पायऱ्या फोडल्या म्हणजे डोंगर ताब्यात आला. पण पायऱ्या सरदारांच्या आणि शिबंदीच्या होत्या. पायवाटा कोण फोडणार? एक बुजली तर पावसाळा सरताच शेजारी दुसरी पडते.

हे सरकारला लवकरच कळून चुकले. देवगावचे राघोजी भांगरे यांनी सावकारशाही आणि इंग्रज सरकार यांच्याविरुद्ध बंड पुकारले. कर्जापायी जमिनी आणि भांडीकुंडी गमावलेल्या डोंगरी माणसांचा त्यांना पाठिंबा होता. राघोजी आज येथे तर उद्या तेथे. १८४४ सालानंतरची काही वर्षे त्यांनी सरकारला सळो की पळो करून सोडले. रतनगड-हरिश्चंद्रगडाचा हा मुलूख, या खिंडी आणि घाटवाटा हाच त्यांचा किल्ला होता. शेवटी ते पकडले गेले ते डोंगरात नव्हे, तर लांब पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आले. राघोजींचे नाव आता पुस्तकांत आले आहे, हे योग्यच झाले. परंतु बंडातल्या माणसांना रानात रात्री भाकऱ्या पोहोचविणाऱ्या हातांची नावे कोण सांगणार? माणसे लपली म्हणजे कोणी तरी चूल पेटविलीच असली पाहिजे.

पुढे या मुलखात दोन मोठ्या गोष्टी झाल्या. १८६५ साली थळ घाटातून आगगाडी इगतपुरीपर्यंत आली, आणि कोकणातून देशावर येणारा मोठा व्यापार रुळांवर गेला. डोंगरातल्या घाटवाटा तेव्हापासून हळूहळू स्थानिक माणसांपुरत्या उरल्या. दुसरी गोष्ट म्हणजे भंडारदऱ्याचे धरण. १९१० साली त्याचे काम सुरू झाले आणि १९२६ साली पुरे झाले. सुमारे २७० फूट उंचीची ती दगडी भिंत त्या काळी सगळ्या देशात वाखाणली गेली. कळसूबाईच्या पायथ्याशी पूर्वी नदीचे खोरे होते, तेथे पाणी भरले. खोऱ्यातल्या जुन्या पायवाटा त्या पाण्याच्या तळाशी गेल्या. रतनवाडीला, अमृतेश्वराच्या त्या सुंदर जुन्या देवळाकडे जाणारी माणसे आता पाण्याला वळसा घालून जातात, नाही तर नावेतून.

या धरणाने खालच्या मुलखाचे भाग्य उजळले यात शंका नाही. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांसारख्या कर्त्या माणसाने सहकारी साखर कारखाना उभारला, आणि १९५० सालापासून त्याची चिमणी धूर सोडू लागली. आपल्या संगमनेरच्या घराघरांतही त्या पाण्याचे उपकार आहेत. पण चैत्र-वैशाखात कळसूबाईच्या अंगाखांद्यावरच्या वाड्यांत जाऊन पाहावे. जेथे पावसाळ्यात धारा थांबत नाहीत, तेथेच उन्हाळ्यात बाया डोईवर हंडे घेऊन झरा शोधीत फिरतात. पाणी पडते वर आणि भिजते खाली. हे म्हणताना मी कोणाला दोष देत नाही. परंतु नळाची तोटी सोडताना एवढे मनात असावे.

आता शिखरावर जाण्याच्या वाटा सांगते, कारण आपल्यापैकी काही जणींना जाण्याची इच्छा आहे. नेहमीची वाट बारी गावातून. घोटीहून भंडारदऱ्याकडे येणाऱ्या मोटाररस्त्यावर बारी लागते. मुंबई-नाशिककडून येणाऱ्यांना इगतपुरी किंवा घोटी सोयीची. आपण अकोले-राजूरवरून जावे. बारीपासून चढण अडीच हजार फुटांहून अधिक आहे. सावकाश चालणाऱ्या बाईला वर जायला तीन-चार तास सहज लागतात. प्रथम भातखाचरे, मग झाडी, मग उघडा कातळ. कातळाच्या अवघड टप्प्यांवर लोखंडी शिड्या बसविलेल्या आहेत. शिखराच्या खाली थोड्या अंतरावर विहीर आहे. इंदोऱ्याच्या बाजूनेही एक वाट आहे, पण ती अधिक अवघड, आणि माहीतगार माणूस बरोबर घेतल्यावाचून तिकडे जाऊ नये. अलंग-मदन-कुलंगची वाट तर दोर वापरणाऱ्या तरुण मंडळींचीच.

माथ्यावर कळसूबाईचे लहानसे देऊळ आहे. जेमतेम दोन-चार माणसे आत मावतील एवढेच. मंगळवारी आणि गुरुवारी तेथे पूजा होते, आणि नवरात्रात यात्रा भरते. मी नवरात्रातच माझ्या नणंदेबरोबर गेले होते. शिडीपाशी आम्ही दोघी दम घेत बसलो होतो, तोच खालून साठीच्या एक आजीबाई अनवाणी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारून, हातात ओटीचे ताट घेऊन आल्या. मी म्हटले, “आजी, जरा बसा की.” त्या म्हणाल्या, “बसले म्हंजी उठवत न्हाई, बाई. जाता जाता बसंन.” आणि शिडी चढून निघूनही गेल्या. माथ्यावर पोहोचलो तेव्हा त्यांची ओटी भरून झाली होती. त्यांना मी कळसूची गोष्ट विचारली. त्यांनी ती जवळजवळ पुस्तकासारखीच सांगितली, आणि शेवटी एवढेच म्हणाल्या, “तिनं काम केलं अन् मंग गेली. काम टाकून न्हाई गेली.” हे शेवटचे वाक्य मात्र पुस्तकात नाही.

माथ्यावरून जे दिसते त्याचे वर्णन किती करावे? पश्चिमेला अलंग-मदन-कुलंगची रांग, पूर्वेला औंढा आणि पट्टा, दक्षिणेला भंडारदऱ्याचे निळे पाणी, त्यापलीकडे रतनगड आणि हवा स्वच्छ असली तर दूरवर हरिश्चंद्रगड. उत्तरेला इगतपुरी-घोटीचा सपाट मुलूख. आजीने अंगणातून दाखविलेले डोंगर प्रथमच मला त्यांच्या डोक्यावरून दिसले, आणि खिंडींतून गेलेल्या वाटा भांगासारख्या बारीक दिसत होत्या.

परंतु एका गोष्टीने मन विषण्ण झाले. हल्ली शिखरावर चढणाऱ्यांची संख्या फार वाढली आहे. पावसाळ्यातल्या सुटीच्या दिवशी शिड्यांवर रांगा लागतात. त्यामुळे पायथ्याच्या घरांना जेवणखाणाचे, मुक्कामाचे, वाटाड्याचे काम मिळते, ही चांगली गोष्ट आहे. हा सारा प्रदेश १९८६ सालापासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य म्हणून राखलेला आहे. आणि तरीही वाटेवर पाण्याच्या बाटल्या, वेष्टने, कागदी पेले ठिकठिकाणी पडलेले दिसतात. केर काढायला लावला म्हणून जी घर सोडून या डोंगरावर आली, तिच्याच दारात आपण केर टाकतो. आणि तो वेचायला पुन्हा पायथ्याच्या गावातल्या कोणी तरी बाईलाच वाकावे लागते. यापरती विसंगती कोणती?

कळसूच्या मुलखातल्या बाया केवळ दंतकथेत थोर आहेत असे मात्र कोणी समजू नये. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. त्या शाळेत गेल्या नाहीत. संकरित बियाण्यांच्या लाटेत गावठी वाणांचे बी नाहीसे होऊ लागले, तेव्हा त्यांनी वालाचे, भाताचे, भाज्यांचे बी घरोघरून गोळा करून मडक्यांत राखेत जपले, आणि दुसऱ्या बायांना लावायला दिले. लोक त्यांना बीजमाता म्हणतात. त्यांनीही ‘हे मी होऊ देणार नाही’ असे एक ठरविले आणि ते पाळले. फरक एवढाच, की कळसूला घर सोडावे लागले आणि राहीबाईंना घरातच राहून ते करता आले. तेवढा काळ पुढे आला आहे.

आता ज्यासाठी ही सगळी हकिकत लिहिली ते सांगते. भांडी आणि केर. कळसूने नाकारलेली हीच दोन कामे. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या घरी आज याच दोन कामांसाठी बाया येतात. त्या येतात तेव्हा आपणही बोली करतो. किती भांडी, किती खोल्या, महिन्याच्या किती सुट्या, सणाला काय द्यायचे. मग हळूहळू, कोणाच्याही मनात पाप नसताना, ती बोली ढिली होत जाते. पाहुणे आले म्हणून भांडी दुप्पट होतात. “एवढे कपडेही पिळून टाक” असे होते. ठरलेली सुटी “उद्या घे” अशी पुढे ढकलली जाते. तीही बिचारी बोलत नाही, काम करते. आणि एके दिवशी येईनाशी होते. मग आपण एकमेकींना म्हणतो, हल्ली बाया टिकत नाहीत.

कळसूच्या मालकांनीही शेजारी हेच सांगितले असेल, पोरगी टिकली नाही.

मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात भाषणे होतील, हळदीकुंकू होईल, पाककृतींच्या स्पर्धा होतील. ते सर्व हवेच. पण त्याबरोबर दोन गोष्टी आपण कराव्यात असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. पहिली, कामाला येणाऱ्या बाईशी केलेली बोली प्रत्येकीने एका वहीत लिहून ठेवावी : काम, पगार आणि हक्काची सुटी. वहीवर दोघींची सही किंवा अंगठा असावा, आणि जादा काम पडले तर त्याचे पैसे त्याच दिवशी द्यावेत. शब्द पाळायला कायदा लागत नाही, पण वही असली की आठवण राहते.

दुसरी सूचना स्मरणिकेपुरती. आपल्यात डोंगराकडच्या माहेरवाशिणी बऱ्याच आहेत. कोणाच्या आई, आजी, सासूबाई अजून जुन्या वाटांची नावे सांगत असतील. खिंडीचे नाव, झऱ्याचे नाव, विसाव्याच्या दगडाचे नाव, आणि ते नाव का पडले ते. मोटाररस्ते झाल्यापासून त्या वाटांवर चालणारे उरले नाहीत, आणि चालणारे गेले की नावेही जातात. माझी आजी गेली तेव्हा तिच्याबरोबर किती नावे गेली, ते मोजायचेही आता साधन नाही. तेव्हा ज्यांच्या घरी अशी म्हातारी माणसे आहेत त्यांनी या दिवाळीच्या सुटीत त्यांच्यापाशी बसावे आणि सांगतील ते जसेच्या तसे उतरून घ्यावे. शुद्धलेखनाची काळजी करू नये, ते आपण नंतर पाहू. पुढच्या अंकात ती सारी नावे एकत्र छापता येतील. घटस्थापनेनंतरच्या मंगळवारी आमच्या घरून चार-पाच जणी बारीला जाणार आहोत. ज्यांना यायचे असेल त्यांनी पायांत रबरी तळाची वहाण, बरोबर पाणी, आणि आपला केर परत आणण्यासाठी एक पिशवी घ्यावी.